हे कशावरून? मराठी उतारा शिकवायला घेणाऱ्या ग्वाल्हेरच्या नव्या शिक्षकांसाठी

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या मराठी घरातलं नववीचं मूल मराठी उतारा धडाधड वाचून दाखवतं. हिंदीमुळे देवनागरी सरावाची, घरात कानावर मराठी, त्यामुळे जीभ कुठे अडत नाही. नवा शिक्षक खूश होतो, पहिला प्रश्न विचारतो आणि वर्ग गप्प. गुजराती लिपीत शिकलेलं बडोद्याचं मूल देवनागरीत जरा अडखळतं, आणि अडखळलेलं मूल शिक्षकाला दिसतं तरी. आपल्याकडे वाचन गुळगुळीत होतं, आणि न समजलेलं त्याखाली झाकून राहतं. म्हणून पहिलीच सूचना: मोठ्यानं छान वाचलं म्हणजे कळलं, असं धरून चालू नका.

शाळेत नव्यानं मराठी घेणाऱ्यांसाठी आणि रविवारी घरी चार-सहा मुलं जमवून शिकवणाऱ्या काका-काकूंसाठी हे लिहीत आहे. यातलं बरंचसं हिंदीच्या किंवा इंग्रजीच्या तासालाही चालेल. सगळी पद्धत एका प्रश्नाभोवती फिरते: ‘हे कशावरून?’ मुलानं काहीही सांगितलं, बरोबर असो की चूक, की हाच प्रश्न विचारायचा आणि त्यानं उत्तरादाखल ओळीवर बोट ठेवायचं.

पहिली पायरी: उतारा निवडणं

सुरुवातीला शंभर-सव्वाशे शब्दांच्या वर जाऊ नका. पाठ्यपुस्तकातला उतारा नको, कारण त्याची उत्तरं गाईडमध्ये छापलेली असतात आणि मुलं ती पाठ करून येतात. बोधकथाही नको. तिचा अर्थ शेवटच्या ओळीत लेखकानंच सांगून टाकलेला असतो, मग मुलानं शोधायचं काय? ज्यात काहीतरी न सांगता सोडलेलं आहे असा मजकूर घ्या. झेरॉक्स काढताना उजवीकडे तीन बोटं समास ठेवा आणि लेखकाचं नाव काढून टाका.

नाव काढण्याला कारण आहे. १९२०च्या दशकात केंब्रिजमध्ये समीक्षक आय. ए. रिचर्ड्स यांनी विद्यार्थ्यांना कवीचं नाव न सांगता कविता दिल्या आणि त्यांच्याकडून लेखी अभिप्राय घेतले. चांगली शिकलेली मुलं, तरी कितीतरी जणांना कवितेचा साधा सरळ अर्थही लागला नव्हता. कित्येकांनी समोरच्या ओळी सोडून मनात आधीपासून तयार असलेल्या भावना लिहिल्या होत्या. आपल्याकडे नाव दिसलं की मूल लगेच ‘थोर कवी’, ‘निसर्गप्रेमी’ असे शिक्के मारतं. नाव नसलं की नाइलाजानं वाचावं लागतं.

पुढच्या सगळ्या पायऱ्यांसाठी हा एक छोटा उतारा मीच लिहून देत आहे. हवा तर वर्गात जसाच्या तसा वापरा.

‘दिवाळीच्या आदल्या दिवशी अप्पांनी माडीवरची खोली उघडली. खिडकीची धूळ पुसली, सतरंजी झटकून अंथरली, भिंतीवरचं घड्याळ काढून त्याला किल्ली दिली. आजीनं खालून विचारलं, “मेलनंच येणार ना?” अप्पा म्हणाले, “पंजाब मेल.” दुपारी पोस्टमन येऊन गेला. अप्पा पुन्हा माडीवर गेले. संध्याकाळी दिवा ठेवायला मी वर गेले, तेव्हा सतरंजी गुंडाळून कोपऱ्यात उभी केली होती. घड्याळ मात्र चालू होतं.’

दुसरी पायरी: दोन वाचनं

पहिलं वाचन तुमचं. मुलांचे डोळे कागदावर, पेन्सिली खाली. नाटकी वाचू नका. तुम्ही शेवटच्या वाक्यावर आवाज हलवलात की अर्थ तुम्हीच सांगून टाकलात. दुसरं वाचन मुलांचं, मनातल्या मनात, हातात पेन्सिल घेऊन. अडलेल्या शब्दाखाली रेघ आणि ‘हे असं का?’ वाटलं तिथे समासात प्रश्नचिन्ह, एवढ्या दोनच खुणा. चार रंगांच्या हायलायटरनं सगळं पान रंगवण्यात तास निघून जातो.

ज्याच्या कागदावर एकही खूण नाही त्याच्याकडे आधी जा. त्याला सगळं कळलेलं असतं असं फार क्वचित होतं.

तिसरी पायरी: शब्द आणि माहिती

इथे घाई करू नका, कारण ग्वाल्हेर-इंदूरकडच्या मुलांची खरी अडचण इथे असते. अनोळखी शब्दापाशी मूल थांबतं आणि विचारतं, म्हणजे तो प्रश्न सुटला. ओळखीचा वाटणारा शब्द मात्र फसवतो. ‘त्याला शिक्षा झाली’ हे वाचून हिंदी माध्यमातल्या मुलाला वाटतं की तो शिकला. ‘चेष्टा केली’ म्हणजे प्रयत्न केला, ‘संसार’ म्हणजे जग, ‘समाधान’ म्हणजे तोडगा, ‘खाली’ म्हणजे रिकामं. मूल अडत नाही, चुकीच्या अर्थानं वाक्य पूर्ण करतं आणि पुढे जातं. अशा शब्दांची यादी वहीच्या शेवटच्या पानावर मुलांकडूनच वाढवून घ्या.

आपल्या उताऱ्यात दोन सापळे आहेत. पहिला ‘घड्याळाला किल्ली दिली’. मोबाइलवर वेळ बघणाऱ्या मुलाला कुणीतरी कुणाला चावी दिली असं वाटू शकतं. दुसरा जास्त बारीक आहे. ‘अप्पा माडीवर गेले’ आणि ‘मी वर गेले’, दोन्हीकडे ‘गेले’. पहिल्यात आदर आहे, दुसऱ्यात बोलणारी बाई किंवा मुलगी आहे. हिंदीची सवय असलेलं मूल दोन्ही एकाच चालीत वाचतं आणि सांगणारी कोण हे त्याच्या हातून निसटतं. घरी रोज ‘मी गेले’ ऐकणाऱ्या मुलाचीसुद्धा कागदावर गफलत होते. व्याकरणाचा तास वेगळा घेण्यापेक्षा इथेच दोन मिनिटं द्या.

माहितीचंही तसंच. १९८८ साली अमेरिकेत रेक्ट आणि लेस्ली या संशोधकांनी सातवी-आठवीच्या मुलांना बेसबॉलच्या सामन्याचं वर्णन वाचायला दिलं. वाचनात कच्ची पण खेळ जाणणारी मुलं, वाचनात हुशार पण खेळ न जाणणाऱ्या मुलांपेक्षा सरस ठरली. ‘याचं आकलन कच्चं आहे’ असा शेरा मारण्याआधी त्या मुलानं माडी, ओसरी, माजघर कधी पाहिलंय का ते विचारा. फ्लॅटमध्ये वाढलेल्या मुलाला लष्करातल्या एखाद्या जुन्या वाड्यातून फिरवून आणलं तर अर्धा शब्दसंग्रह तिथेच होतो. पंजाब मेल मुंबईहून फिरोजपूरला जाते आणि ग्वाल्हेरवरून जाते, ही माहितीही आधी द्या. पुढे ती उपयोगी पडणार आहे.

चौथी पायरी: लिहिलंय काय, वाटतंय काय

पानाच्या मधोमध उभी रेघ मारायला सांगा. डावीकडे ‘लिहिलंय’, उजवीकडे ‘वाटतंय’. पाच मिनिटं द्या.

डावा रकाना कंटाळवाणा वाटतो, तरी तो आधी भरून घ्या. खोली उघडली, पुसली, सतरंजी अंथरली, पोस्टमन आला, सतरंजी गुंडाळली. मुलं पहिल्या झटक्यात ‘अप्पांना पत्र आलं’ असं डावीकडे लिहितात. इथे थांबवा. उताऱ्यात ‘पत्र’ हा शब्द कुठे आहे? नाहीच. पोस्टमन येऊन गेला एवढंच आहे. पत्र, तार, मनीऑर्डर, काहीही असेल. तेव्हा ते वाक्य उजवीकडे गेलं पाहिजे. एकदा मुलांनी आपल्या हातानं असं वाक्य रेघेपलीकडे नेलं की अनुमान म्हणजे काय हे व्याख्या न देता कळतं.

पाचवी पायरी: हे कशावरून?

आता उजवा रकाना. तासाचा मोठा भाग, निदान वीस मिनिटं, इथे जाऊ द्या. बोलणं साधारण असं चालतं:

‘मॅडम, पाहुणा येणार नाहीये.’
‘हे कशावरून?’
‘सतरंजी गुंडाळली ना.’
‘रोज झाडून झाल्यावर गुंडाळत असतील.’
‘नाही, सकाळीच तर अंथरली. आणि मधे पोस्टमन आला.’

हे उत्तम उत्तर आहे, कारण त्यात एक नव्हे तर तीन ओळी जोडल्या गेल्या. जोडली गेलेली ओळ फळ्यावर लिहा, उत्तर देणाऱ्याचं नाव नको.

मग कुणीतरी म्हणतं, ‘मुलगा मुंबईहून येणार होता.’ हे कशावरून? ‘पंजाब मेल.’ पण ही गाडी दिल्लीच्या बाजूनंही येते, आणि मुलगा की मुलगी की भाऊ, काहीच लिहिलेलं नाही. तेव्हा त्याला ‘चूक’ म्हणू नका. ‘उताऱ्यात आधार नाही’ म्हणा. हा फरक मुलांना लवकर कळतो आणि आवडतो, कारण त्यात अपमान नसतो. पाहुणा येणार नाही याला भक्कम आधार आहे. तो जवळचा असावा याला बऱ्यापैकी आधार आहे: सण, खोली, घड्याळ. तो मुलगा आहे याला आधार नाही. आणि ‘अप्पांना राग आला’ हे तर उताऱ्याच्या उलट जातं, कारण रागावलेला माणूस सतरंजी फेकेल, नीट गुंडाळून उभी करणार नाही. साहित्यात ज्याला जो वाटेल तो अर्थ, असं काही शिक्षक मोठ्या मनानं सांगतात. मला ते पटत नाही. अर्थ अनेक असतात, सगळे सारख्या वजनाचे नसतात.

एखादी चलाख मुलगी तुम्हालाच अडवेल: ‘किल्ली दिली की घड्याळ आपोआप चालतंच. अप्पांनी त्यात वेगळं काय केलं?’ तिला गप्प करू नका. तिनं वर्गाला पुढच्या पायरीवर आणून सोडलेलं आहे. अप्पांनी काहीच केलं नसेल. पण लिहिणाऱ्यानं ते वाक्य शेवटी ठेवलं, आणि त्यात ‘मात्र’ घातलं. पात्र काय करतं हा एक प्रश्न आणि लिहिणाऱ्यानं काय निवडलं हा दुसरा. हा दुसरा प्रश्न विचारायला लागलं की मूल साहित्याचा विचार करायला लागलं. मग प्रयोग करून पाहा. शेवटचं वाक्य झाकायचं, उतारा पुन्हा वाचायचा. काय गेलं? ‘मात्र’ काढायचा. आता? ‘दिवा ठेवायला’ काढलं तर? असं एकेक काढून बघणं हे भाषणापेक्षा जास्त शिकवतं.

सांगणाऱ्या ‘मी’बद्दलही विचारा. पोस्टमननं काय आणलं ते तिला माहीत आहे का? माहीत असून सांगत नाही, की तिलाही नुसती सतरंजीच दिसली? दोन्ही बाजूंनी बोलता येतं. वर्गात भांडण लागलं तर लागू द्या.

सहावी पायरी: प्रश्न मुलांच्या हाती

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून प्रश्न तुम्ही विचारणं कमी करा. १९८४ साली पॅलिंक्सर आणि ब्राउन या दोन संशोधक बायकांनी मांडलेली पद्धत इथे चांगली चालते. चार जणांचा गट, चार कामं: एक जण पुढे काय येईल याचा अंदाज सांगतो, एक प्रश्न विचारतो, एक अडलेलं उलगडतो, एक थोडक्यात सांगतो. दर परिच्छेदाला कामं फिरतात. सुरुवातीला प्रत्येक काम तुम्ही स्वतः मोठ्यानं विचार करत करून दाखवायचं, नाहीतर ‘प्रश्न विचार’ म्हटल्यावर मुलं ‘अप्पांनी काय उघडलं?’ यापुढे जात नाहीत.

मुलांना प्रश्नाचा चांगुलपणा ओळखायला एक सोपी कसोटी द्या: उत्तर उताऱ्यातलं एक वाक्य जसंच्या तसं उतरवून देता येतं का? येत असेल तर प्रश्न वाईट नाही, पण तयारीचा आहे.

सातवी पायरी: कविता

कवितेच्या तासाला अलंकार शोधायला लावून सुरुवात करू नका. उपमा सापडली, अधोरेखित केली, दोन गुण मिळाले, आणि कविता जिथल्या तिथे. आधी अन्वय: कोण, कुणाला, काय म्हणतंय ते गद्यात, साध्या क्रमानं. क्रियापद शोधा, कर्ता शोधा. जुन्या पंतोजींची ही सवय आपण फार लवकर टाकून दिली.

मग अर्थाचे थर. त्यासाठी आपल्याकडे अभिधा (शब्दाचा सरळ अर्थ), लक्षणा (सरळ अर्थ जुळत नाही तेव्हा घ्यावा लागणारा अर्थ), व्यंजना (सुचणारा अर्थ) ही तयार हत्यारं आहेत, पण ती व्याख्या म्हणून पाठ करवली जातात. ‘सूर्य मावळला’ हे जुन्या काव्यशास्त्रातलं उदाहरण घ्या. अकराव्या शतकातल्या मम्मट या काव्यशास्त्रकाराच्या ग्रंथात त्याची चर्चा आहे. वाक्य एकच. गुराख्याला ते गुरं घराकडे वळवायला सांगतं, दुकानदाराला माल आवरायला, संध्या करणाऱ्याला आसनावर बसायला. वर्गात हे करून घ्या. महाराज बाड्याच्या चौकातला फेरीवाला, क्रिकेट खेळणारी पोरं, परीक्षेच्या आदल्या दिवशीचा विद्यार्थी, रोजा सोडणारं घर, अशा चिठ्ठ्या वाटा, आणि ‘सूर्य मावळला’ एवढंच म्हणायला सांगा. बाकीच्यांनी ओळखायचं. वाच्यार्थ आणि सूचित अर्थ यांतलं अंतर मुलांना कानानं कळतं.

त्यानंतर ग्वाल्हेरचे राजकवी भा. रा. तांबे (१८७३–१९४१) यांची ‘मावळत्या दिनकरा’ काढा. ज्या गावाच्या हवेत ती मुलं वाढतायत त्याच गावातल्या कवीची कविता आहे ही गोष्ट मात्र शेवटी सांगा, आधी नको. प्रश्न एवढाच: अर्घ्य म्हटलं की उगवता सूर्य आठवतो, मग हा मावळत्याला का देतोय? कवितेतच उत्तराचे शब्द आहेत, मुलांना शोधू द्या. आणि इथला ‘मावळता’ फक्त सूर्यच का, हेही कुणीतरी विचारेलच. म्हातारपण, सत्ता गेलेला माणूस, निवृत्त शिक्षक, सुचेल ते येऊ द्या. फक्त प्रत्येकाला तोच प्रश्न, हे कशावरून.

शब्दांचा नाद, वृत्त, यमक यांवर याच तासाला बोलायला जाऊ नका. चालीवर म्हणायची कविता असेल तर एकदा म्हणा आणि सोडून द्या.

आठवी पायरी: लेखी उत्तर

वर्गात छान बोलणारं मूल कागदावर ‘लेखकाने अतिशय सुंदर शब्दांत दुःख मांडले आहे’ असं लिहितं. हे वाक्य कुठल्याही उताऱ्याखाली बसतं, म्हणून ते निरुपयोगी. मुलांना तीन शब्द द्या: दावा, आधार, दुवा. दावा म्हणजे तुझं म्हणणं. आधार म्हणजे उताऱ्यातले शब्द. दुवा म्हणजे त्या शब्दांवरून ते म्हणणं कसं निघतं. मुलं पहिले दोन लिहितात, तिसरा विसरतात. तोच अवघड असतो.

आपल्या उताऱ्यावर ‘शेवटच्या वाक्यातून काय सुचतं?’ असा प्रश्न विचारला तर दहावीच्या मुलाकडून साधारण असं उत्तर अपेक्षित धरा:

‘पाहुणा येणार नसला तरी त्याची वाट पाहणे पूर्ण संपलेले नाही, असे शेवटचे वाक्य सुचवते. सतरंजी आणि घड्याळ या दोन्ही गोष्टींची तयारी अप्पांनी एकाच वेळी केली होती. सतरंजी गुंडाळली गेली, “घड्याळ मात्र चालू होतं”. “मात्र” या शब्दाने लेखकाने दोहोंतला फरक ठळक केला आहे. एक तयारी आवरता आली, दुसरी आवरलेली नाही.’

यात कौतुकाचं एकही विशेषण नाही, पाहा. रसग्रहणात ‘सुंदर’, ‘हृदयस्पर्शी’, ‘अप्रतिम’ या शब्दांवर महिनाभर बंदी घाला. मुलं कुरकुरतात, मग कामाला लागतात.

तपासताना प्रत्येक शुद्धलेखनाची चूक लाल करू नका. एका खेपेला एकच गोष्ट बघा. या आठवड्यात फक्त दुवा आहे की नाही. समासात ‘हे कशावरून?’ एवढंच लिहून वही परत द्या आणि तेवढी दोन वाक्यं पुन्हा लिहून घ्या. ऱ्हस्व-दीर्घाचं काम वेगळ्या दिवशी करा.

परीक्षेच्या अपठित उताऱ्याबद्दल थोडंसं. आधी प्रश्न वाचून मग उतारा वाचायचा, असा सल्ला क्लासवाले देतात. माहितीपर उताऱ्याला तो चालतो. कथेच्या किंवा कवितेच्या उताऱ्याला नको, कारण मूल उत्तरं वेचत फिरतं आणि एकूण सूर हरवतो. दोन्ही प्रकार घड्याळ लावून घरी करून पाहायला सांगा आणि ज्याचं त्याला ठरवू द्या. उत्तर ‘स्वतःच्या शब्दांत’ मागितलं असेल तर उतारा झाकून लिहायचं, मग उघडून ताडायचं.

पहिल्या महिन्यात आठवड्याला एकच उतारा पुरे. पहिले दोन गद्य, तिसरी कविता, आणि चौथ्या आठवड्यात मुलांना घरातून काहीतरी आणायला सांगा: आजोबांचं जुनं पत्र, लग्नपत्रिका, पाककृतीच्या वहीतलं पान. जुन्या पत्रात मोडी निघाली तर ते बाजूला ठेवा, पण पाककृतीची वही नक्की घ्या. ‘अंदाजाने मीठ’ असं लिहिणारीला वाचणारी कोण असेल असं वाटत होतं, यावर नववीचा वर्ग एक अख्खा तास बोलू शकतो.